जुनी वाघीण वाचवायची तर लाकडी की पोलादी?

जागा एकाच वाघिणीची, म्हणजे रेल्वेच्या मालडब्याची आहे, पैसे जेमतेम आहेत आणि समोर दोन वाघिणी उभ्या आहेत. एक लाकडी, १९२० च्या आसपासची. दुसरी सगळी पोलादी, दुसऱ्या महायुद्धानंतरची. अमेरिकेच्या मध्य-पश्चिम भागात जुने मालडबे जपणाऱ्या लहान मंडळांवर कधी ना कधी ही वेळ येते. आमच्यावर दोनदा आली. आधी आम्ही पोलादी घेतली, सहा वर्षांनी लाकडी. दोन्हींवर उन्हाळे काढले आहेत म्हणून हा लेखनप्रपंच. दोन वाघिणींवरून सगळ्यांबद्दल बोलणं थोडं धाडसाचंच आहे, तेवढं लक्षात ठेवून पुढचं वाचावं.

वाघीण हा शब्द माझ्या तोंडी बसला तो बाबांमुळे. ते मिरजेच्या मालधक्क्यावर होते. मिरजेला तेव्हा तिन्ही रुंदीचे रूळ होते, त्यामुळे एका वाघिणीतली पोती हमालांच्या पाठीवरून दुसरीत जायची आणि सुट्टीत मी ते तासन्‌तास बघत बसायचो. त्यातली बार्शी लाइट या अरुंद रुळांच्या रेल्वेची छोटी वाघीण पुढे मला अगदी अनपेक्षित ठिकाणी भेटली. १८९७ मध्ये सुरू झालेल्या त्या रेल्वेच्या वाघिणींची चौकट दाबून घडवलेल्या पोलादी पत्र्याची होती, इंग्लंडमधल्या लीड्स फोर्ज कारखान्याची. त्या कारखान्याच्या सॅम्सन फॉक्सने त्याच तंत्राचा एक कारखाना इथे इलिनॉयमध्ये, जोलिएट गावी, १८८० च्या दशकाच्या अखेरीस काढला होता. जोलिएट माझ्या घरापासून तासाभरावर आहे. हे कळलं त्या रात्री मी बाबांना फोन केला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "मग तिकडे एखादी उरलीय का रे?" माझी शोधाशोध सुरू झाली ती तिथून.

उरलेल्या वाघिणी ठरावीक जागीच सापडतात. रेल्वेने चाकं काढून घेऊन नुसते सांगाडे शेतकऱ्यांना विकले, ते शेतात अवजारांच्या खोल्या झाले. काही रेल्वेच्याच दुरुस्ती-गाड्यांत नवा नंबर घेऊन टिकल्या. काही धान्याच्या कोठारांशेजारी, बंद पडलेल्या सायडिंगवर, म्हणजे बाजूच्या रुळांवर उभ्या राहिल्या. उपग्रहचित्रात चाळीस फूट लांब आणि दहा फूट रुंद असा आयत दिसला की मी खूण करून ठेवतो आणि नोव्हेंबरात, पानं गळाल्यावर, गाडी काढतो. आधी घराचं दार वाजवायचं, मग कॅमेरा काढायचा. बाहेर रंगांचे कितीही थर चढले असले तरी आतल्या भिंतीवर दाराशेजारी नंबर पुष्कळदा टिकलेला असतो. तो मिळाला की जुन्या 'ऑफिशियल रेल्वे इक्विपमेंट रजिस्टर'मध्ये नंबरांची मालिका शोधून मापं आणि क्षमता जुळवता येतात.

आता मुद्द्याचं. पोलादी वाघिणीची बाजू कागदावर भक्कम आहे, हे आधीच सांगतो. आम्हाला मिळालेली १९४० च्या दशकाच्या अखेरची होती, एका कोठाराच्या सायडिंगवर स्वतःच्या चाकांवर उभी. ब्रेकची नळकांडी, शिड्या, दार, सगळं जागच्या जागी. अशा वाघिणी मुबलक होत्या. पुलमन-स्टँडर्ड कारखान्याची पीएस-१ ही १९४७ पासून एक लाखाहून जास्त बांधली गेली, त्यामुळे सुटे भाग अजूनही हाताला लागतात. मंडळात एक चांगला वेल्डर होता. मतदान झालं तेव्हा मीही हात वर केला होता.

चाकांबद्दल एक गोष्ट मात्र आधी कळायला हवी होती. जुन्या साध्या बेअरिंगची वाघीण, म्हणजे जिच्या आसाच्या टोकावरच्या डबीत तेलात भिजवलेला सुताचा बोळा किंवा गादी असते ती, १९९० च्या दशकापासून एका रेल्वेकडून दुसरीकडे पाठवायला घेत नाहीत. म्हणजे चाकं असून ती रुळावरून घरी येत नाही. क्रेन, लो-बेड ट्रेलर आणि रुंद मालाची परवानगी हा खर्च लाकडी सांगाड्याइतकाच येतो, उलट चाकांच्या वजनामुळे थोडा जास्तच.

पण माझं मन फिरवलं ते अस्तराने.

पोलादी बॉक्सकार, म्हणजे छप्पर असलेली बंद वाघीण, बाहेरून पोलादी असते. आतून तिला फळ्यांचं अस्तर असतं, मालाला पत्रा लागू नये म्हणून. या मुलखात ती वाघीण वर्षानुवर्षं गहू आणि मका वाहायची. फळ्यांच्या फटींतून दाणे मागे जातात, खाली साचतात, ओल धरतात आणि पत्रा आतून खाल्ला जातो. बाहेरचा रंग तोवर ठणठणीत दिसतो. घेण्यापूर्वी आम्ही हातोडीने ठोकून पाहिलं होतं. खालच्या हातभर पट्ट्यात आवाज भरीव, भद्द आला. तो पत्र्याच्या जाडीचा आवाज आहे असं आम्ही समजलो. तो मागे घट्ट बसलेल्या कुजक्या धान्याचा आवाज होता.

अस्तर उतरवायला घेतलं तेव्हा ते कळलं. फळीगणिक खिळे, खिळ्यांची डोकी गंजून उडालेली, पहार लावली की फळी उभी चिरायची. जुन्या रंगात शिसं, म्हणून जुलैच्या उन्हात पत्र्याच्या पेटीत तोंडाला गाळणीचा मुखवटा बांधून काम. पहिल्या फळ्या निघाल्या आणि आंबलेल्या धान्याचा असा भपकारा आला की आम्ही दोघं बाहेर येऊन गवतात बसलो. एका बाजूचं अस्तर उतरवायला चौघांना सात शनिवार लागले. मागचा पत्रा तळपट्टीलगत इतका गेला होता की बोट आरपार जात होतं.

हा दोष एखाद्या वाघिणीचा नाही, घडणीचाच आहे असं मला वाटतं. पेनसिल्व्हेनिया रेलरोडच्या एक्स-२९ वाघिणी १९२४ पासून तीसेक हजारांच्या घरात बांधल्या गेल्या. त्यांचेही बाजूचे पत्रे खालूनच गंजायचे आणि रेल्वेने तळाशी लांब ठिगळं वेल्ड केलेली जुन्या छायाचित्रांत स्पष्ट दिसतात. पुढच्या वाघिणींत सुधारणा झाल्या, शिवाय ज्यांनी धान्याऐवजी कागद किंवा फर्निचर वाहिलं त्यांची तब्येत बरी असू शकते. आमची तशी नव्हती.

ठिगळं आम्हीही लावली. वेल्डरने ते काम सुरेख केलं, आज बाहेरून कुणाला कळणार नाही. मला लागली ती वेगळीच गोष्ट. उतरवलेल्या फळ्यांवर धान्याच्या रेषा होत्या. गहू, मका, ओट यांची वजनं वेगळी, म्हणून कुठलं धान्य किती उंचीपर्यंत भरायचं हे आत रंगाने आखलेलं असायचं. जड गव्हाची रेष खाली, हलक्या ओटची वर. शेजारी कुणा हमालाने खडूने केलेले हिशेब, पाच-पाचच्या जुडग्यांत. मिरजेच्या मालधक्क्यावर पोती मोजताना बाबा अगदी तशाच रेघा ओढायचे. पत्रा वाचवण्यासाठी आम्हाला त्या फळ्या फोडाव्या लागल्या. चार धड निघाल्या, त्या जपून ठेवल्या आहेत. बाकीचं अस्तर आता नवं आहे. रोग बघायचा तर आतली सगळी साक्ष मोडावी लागते, हे काही केल्या माझ्या मनातून जाईना.

लाकडी वाघीण या बाबतीत उघड्या स्वभावाची. लाकडी म्हणताना मी एकपदरी वाघिणीबद्दल बोलतोय, जिची पोलादी चौकट आणि तिरपे आधार बाहेर दिसतात आणि फळ्यांचा एकच थर आत असतो. (दुपदरी वाघिणीत चौकट दोन थरांच्या मध्ये दडलेली असते, तिथे अडचण पुन्हा पोलादीसारखीच, म्हणून मी तिच्या वाटेला जाणार नाही.) १९१७ च्या डिसेंबरात अमेरिकी सरकारने युद्धासाठी रेल्वे ताब्यात घेतल्या आणि पुढच्या वर्षी ठरावीक नमुन्यांच्या एक लाख मालवाघिणी मागवल्या. त्यांतल्या जवळपास निम्म्या बॉक्सकार, काही एकपदरी, काही दुपदरी. पोलादाची टंचाई होती, म्हणून चौकट पोलादी आणि भिंती लाकडी. पुढे रेल्वेंनी पुष्कळ एकपदरी वाघिणींच्या फळ्या काढून पत्रे बसवले, त्यामुळे मूळ फळ्यांची वाघीण सापडणं हेच भाग्य.

आमची सापडली विस्कॉन्सिनमध्ये, एका ऐंशीच्या घरातल्या शेतकरी आजोबांच्या कोठाराआड. चाकं नाहीत, ब्रेक नाहीत, एक दार गायब, छताच्या एका टोकाला गळती. पण मी एक जाड दाभण घेऊन भोवती फिरलो आणि अर्ध्या तासात तिचं दुखणं मला पुरतं कळलं. दाभण आत गेलं तिथे कुजलंय, नाही गेलं तिथे लाकूड सलामत. आजोबांना विचारायचीही गरज पडली नाही. उत्तरेकडच्या तळच्या सहा फळ्या, दाराचे दोन्ही खांब, आणि छताखालचा कोपरा. तो अंदाज काम संपेपर्यंत जवळपास तसाच राहिला. बिघडली ती फळी काढायची, शेजारच्या फळीला धक्का नाही.

आणि एकपदरी असल्याने आतली भिंत हीच खरी भिंत. धान्याच्या रेषा अजून तिथेच आहेत. दारात धान्य अडवायला आडव्या फळ्या ठोकत, त्यांच्या खिळ्यांनी दाराचे खांब चाळणीसारखे झाले होते. एक खांब बदलावा लागला, दुसरा राळ भरून तसाच ठेवला. बाहेर लाल रंगाचे थर हळूहळू घासताना एका संध्याकाळी तिरपा चौकोन उमटला, मिल्वॉकी रोड या रेल्वेची खूण. मी बाबांना व्हिडिओवर तो दाखवला.

तिचे त्रासही सांगायला हवेत. खोबणीच्या फळीचं ते माप आज कुठल्याच लाकूडवखारीत तयार मिळत नाही. रंध्याचं पातं मुद्दाम घासून घ्यावं लागलं आणि उभ्या रेषांचं डग्लस फर लाकूड महागच पडलं. साध्या बेअरिंगच्या ट्रकची, म्हणजे आपल्याकडे रेल्वेतले लोक बोगी म्हणतात त्यांची, जोडी शोधायला तीन वर्षं गेली. एकेक तीन टनांहून जड, त्यामुळे आणणं हाही वेगळा सोहळाच. दर दोन-तीन वर्षांनी अळशीचं तेल आणि रंगाचा हात चुकत नाही. पोलादी वाघीण इतकं लक्ष मागत नाही.

आणि छप्पर. यावर मी ठाम आहे. वाघिणीवर शेड टाकता येत नसेल तर लाकडी घेऊच नका, पोलादी घ्या, ती उघड्यावर निदान काही वर्षं तग धरेल. १९४९ मध्ये फ्रान्सने आभार म्हणून अमेरिकेला ४९ लहान लाकडी वाघिणी भेटवस्तूंनी भरून पाठवल्या होत्या, तेव्हाच्या ४८ राज्यांना एकेक आणि उरलेली एक वॉशिंग्टन डीसी आणि हवाई यांच्यात मिळून. इतक्या मानाने आलेल्या, तरी काही राज्यांत त्या आज उरलेल्या नाहीत. युनियन गावच्या इलिनॉय रेल्वे म्युझियममध्ये छपराखालच्या लांबच लांब रुळांवरून एकदा चालून या, शेडसाठी वर्गणी का मागायची हे मंडळींना समजावणं सोपं जाईल.

तुमच्याकडे वेल्डर आहे आणि सुतार नाही, गाडी थोडी तरी चालवून दाखवायची आहे, किंवा समोरची पोलादी वाघीण धान्यावर राबलेली नाही अशी खात्री आहे, तर पोलादी घेण्यात काही गैर नाही. आमचीही आज उभी आहे आणि शाळेतली मुलं तिच्यातच आधी चढतात. मी स्वतः पुन्हा घेणार असेन तर विस्कॉन्सिनकडेच गाडी वळवीन.

पोलादीचाच विचार पक्का असेल तर एक करा. पैसे देण्यापूर्वी मालकाची परवानगी घेऊन अस्तराची एकच फळी काढून बघा, दाराशेजारची नको, कोपऱ्यातली, अगदी तळाची. हातमोजे घालून मागे हात घाला. हाताला कोरडा पत्रा लागला तर व्यवहार करा. ओला लगदा लागला तर फळी परत जागच्या जागी ठोकून द्या.