स्प्रिंगची एअर रायफल, आठ महिने आणि तीन मिलिमीटर सरकलेला स्कोप

रायफल कोणती, किती फुटांचा वेग, हे या छंदातल्या सगळ्यांना पाठ असतं, म्हणून ते सोडतो. ०.१७७ इंची छऱ्याची, बिनपरवान्याची, नळी मोडून (म्हणजे बिजागरीवर खाली वाकवून) भरायची साधी स्प्रिंग रायफल आहे. तिच्याबद्दल तक्रार नाही. तक्रार आहे ती तिच्या डोक्यावर मी हौसेने बसवलेल्या ३-९x४० स्कोपबद्दल, म्हणजे तीन ते नऊपट मोठं दाखवणाऱ्या नेमाच्या दुर्बिणीबद्दल. ३,२०० रुपये. वर ती बंदुकीला धरून ठेवणाऱ्या रिंगांचे, म्हणजे माउंटचे, ६५०. हे आकडे मला झोपेतही आठवतात.

घेतली तेव्हा रायफलच्या अंगच्या उघड्या साईट (नेम धरायची मागची खाच आणि पुढची माशी) मी नीट बघितल्याच नाहीत. स्कोपशिवाय बंदूक म्हणजे आरशाशिवाय मोटरसायकल, असं काहीतरी डोक्यात होतं. पहिल्या रविवारी मळ्यातल्या शेडमध्ये, चिंध्या कोंबलेल्या खोक्यावर, १० मीटरवरून झिरो करायला, म्हणजे स्कोपचा नेम आणि छऱ्याची जागा जुळवायला बसलो. छर्रे खालीच लागत होते. नेम वर-खाली करायची चकती, एलिव्हेशनचा टरेट, फिरवत गेलो, फिरवत गेलो आणि शेवटी तो संपला, तरी दोन बोटं खाली! नळी मोडणाऱ्या बऱ्याच रायफलींची नळी किंचित खाली झुकलेली असते. स्कोप बसतो मागच्या, पिस्टनच्या सिलिंडरवर, छर्रा जातो नळीतून, आणि दोघांचं तोंड दोन दिशांना. जुन्या फोटोंच्या निगेटिव्हचे दोन तुकडे कापून मागच्या रिंगखाली घातले, तेव्हा छर्रे वर आले. २००१ सालच्या महाबळेश्वर सहलीचा असा उपयोग होईल असं वाटलं नव्हतं.

दोन आठवडे मी खूश होतो. चौपटीवर १० मीटरला पाच छऱ्यांचा गट १८ मिलिमीटरमध्ये. नऊपटीवर मात्र सगळं धूसर, कारण या स्कोपचं पॅरालॅक्स, म्हणजे कुठल्या अंतरावर नीट दिसायचं ते, लांब पल्ल्याला बांधलेलं, पुढे फोकसची रिंग नाही. हे मी वाचलं होतं, पण रिंगवाला दोन हजारांनी महाग होता.

मग गट डावी-उजवीकडे भटकायला लागले. दोष आधी स्वतःला दिला, मग छऱ्यांना. शेवटी पेन्सिलने रेलवर (माउंट ज्या खाचांत आवळतात ती पट्टी) माउंटच्या मागच्या कडेला रेघ मारली आणि ५० छऱ्यांनंतर पाहिलं. एक मिलिमीटर मागे. १५० ला तीन. स्क्रू पिळले, पुन्हा सरकला. ॲलन की फिरवताना हाताला फोड आला. घरच्यांनी विचारलं, "अहो, तुम्ही नेम धरता की ते स्क्रूच मोजत बसता?" उत्तर दिलं नाही. त्या महिन्यात वहीत छऱ्यांच्या गटांपेक्षा मिलिमीटरच्या नोंदी जास्त आहेत.

कारण साधं आहे. आत स्प्रिंगच्या जोरावर पिस्टन पुढे सुटतो तेव्हा बंदूक मागे येते. पुढे जाऊन तो हवेच्या गादीवर आदळून थांबतो, तेव्हा बंदूक झटक्यात पुढे ओढली जाते. हे दोन धक्के छर्रा नळीतून बाहेर पडायच्या आतच सुरू होतात. म्हणून स्प्रिंग रायफल आवळून धरायची नाही, उघड्या तळहातावर ठेवायची आणि तिला हवं तसं हलू द्यायचं. बंदूक पुढे पळते, स्कोप जडपणाने जागीच राहू बघतो, आणि रेलवर मागे मागे घसरतो. माझ्या माउंटला खाली घसरणं अडवायची खुंटी, स्टॉप पिन, होती, पण रेलला ती अडकवायला भोकच नव्हतं. दोन रुपयांचं भोक! लेथवाल्याकडून लोखंडाचा छोटा अडसर करून घेतला, माउंटच्या मागे बसवला. सरकणं थांबलं.

आणि मग स्कोपच गेला. आता अख्खा धक्का काचांना बसत होता. आधी स्कोपमधली नेमाची फुली थोडी कलली, मग अधिकचं चिन्ह हळूहळू गुणाकाराचं होऊ लागलं. जेमतेम १,४०० छर्रे झाले असतील. स्कोपच्या खोक्यावर 'शॉकप्रूफ' छापलेलं. सर्व्हिसवाल्याला फोन केला तर म्हणतो, "सर, स्प्रिंग एअरगनवर लावल्यास वॉरंटी नाही." खोक्यावरच्या चित्रातली बंदूक नळी मोडूनच भरतात, हे मी त्याला तीनदा सांगितलं. गोळीच्या रायफलच्या चांगल्या स्कोपलाही मागे येणाऱ्या धक्क्याचीच सवय असते, हा पुढचा झटका वेगळा, हे मला मान्य. पण मग तसं खोक्यावर लिहा ना! तेवीस दिवस, अकरा फोन, कुरिअरचे १८० रुपये माझ्या खिशातून. अखेर नवा नग आला.

त्या तेवीस दिवसांत नाइलाजाने उघड्या साईट वापरल्या, आणि इथे माझं मत बदलायला लागलं. माझ्या रायफलची मागची खाच नळीच्याच ठोकळ्यावर आहे, पुढची माशी नळीच्या टोकावर. दोन्ही नळीवरच, त्यामुळे नळी झुको की न झुको, फरक नाही. घसरायला काही नाही, फुटायला काच नाही. वरचं अर्धा किलोच्या आसपासचं ओझं उतरलं आणि नळी मोडून भरताना हात कुठेच अडेना.

लगेच हुरळून जाऊ नका. माझं वय ५२. खाच, माशी आणि निशाण या तिघांपैकी डोळ्याला एकच स्पष्ट दिसतं, आणि माझ्या डोळ्याला एकही दिसत नव्हतं. दोन साईटमध्ये साधारण ४५ सेंटीमीटर अंतर आहे. माशी अर्धा मिलिमीटर इकडे-तिकडे झाली तर १० मीटरवर ११ मिलिमीटर चुकतं. सुरुवातीचे गट ४० च्या घरात. चष्मेवाल्याला म्हटलं, एक हाताच्या थोडं पुढचं स्पष्ट दिसेल असा नंबर काढा. त्याने कशासाठी म्हणून विचारलं, मी शिवणकाम म्हणालो. +०.७५ चा चष्मा, ४०० रुपये. माशी सुईसारखी दिसायला लागली, निशाण थोडं धूसर, पण ते चालतं. माशीवरचा हिरवा फायबरचा ठिपका २० मीटरला अख्खं निशाण झाकायचा, म्हणून मेणबत्तीची काजळी धरून तो काळा केला. आता १० मीटरला गट २६-२८ मध्ये.

म्हणजे स्कोपपेक्षा वाईटच. हे लपवत नाही. २० मीटरला आणि संध्याकाळी पाच-साडेपाचनंतर स्कोप सरळ जिंकतो, तिथे वाद नाही. पण १० मीटर रायफलच्या स्पर्धेत दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो आणि तिथे स्कोप चालतच नाही. अभिनव बिंद्राने २००८ ला बीजिंगमध्ये सुवर्ण घेतलं ते मागच्या बारीक भोकातून बघून. तसली पीप साईट माझ्या रेलवर बसेल का, याची चौकशी चालू आहे. किंमत ऐकून दोनदा फोन ठेवला.

(शेजारच्या तात्यांना द्राक्षबागेतले पोपट उडवून हवे असतात. १९७२ चा वन्यजीव कायदा त्यांना समजावून मी थकलो. खोका आणि चिंध्या, बस.)

नवा स्कोप अजून सीलबंद आहे. मेहुणा पीसीपी, म्हणजे आधीच दाबून भरलेल्या हवेवर चालणारी रायफल, घेणार म्हणतो. तिला असा झटका नसतो, तिथे हाच स्कोप जन्मभर टिकेल. त्याला सांगितलंय, दोन हजारांना देतो, माउंटसकट, पण लेथवाल्याचा अडसर देणार नाही. आणि कुरिअरचे १८० वेगळे.