सोआवे की गावी?
दोन्ही उत्तर इटलीच्या पांढऱ्या वाइन, रंगाने फिकट पिवळ्या, पण गल्लत करू नका.

गावी पिएमाँत प्रांताच्या आग्नेय कोपऱ्यातली, निव्वळ कोर्तेसे द्राक्षाची. लिंबासारखी चुणचुणीत, अंगाने सडपातळ. डोंगर ओलांडला की जेनोवाचा समुद्र. त्यामुळे तळलेली मासळी नि पेस्तो (बेसिलची हिरवी चटणी) लावलेला पास्ता हे तिचे सख्खे सोयरे.

सोआवे वेरोनाच्या पूर्वेची. तिच्यात किमान ७० टक्के गार्गानेगा द्राक्ष लागतं. क्लासिको, म्हणजे सोआवेच्या जुन्या मूळ भागातल्या टेकड्यांवर कुठे चुनखडी, कुठे ज्वालामुखीची काळी माती. घोट गिळल्यावर कडू बदामाची चव जिभेवर रेंगाळते, आणि शतावरीच्या रिसोत्तोबरोबर (इटालियन मऊ भाताबरोबर) ती फार खुलते. माझा कौल हिलाच. फक्त बाटलीवर ‘क्लासिको’ बघून घ्या, सपाटीवरची स्वस्त सोआवे पुष्कळदा पाणचट निघते. ताटात शिंपल्या असतील तर मात्र गावीच.