माऊस हलवला की स्पीकर किरकिरतो: यूएसबी डॅक घ्यावा की ऑप्टिकल?

पैसे खर्च करण्याआधी दोन मिनिटं खर्च करा. कॅबिनेटच्या मागच्या हिरव्या जॅकला हेडफोन लावून ऐका. हेडफोनमध्येही किरकिर असेल तर ती कॅबिनेटच्या आतच आवाजात मिसळते आहे. हेडफोन शांत आणि स्पीकर तेवढा कुरकुरतोय, तर बहुधा ग्राउंड लूप, म्हणजे अर्थिंग आणि केबल मिळून तयार झालेलं विजेचं वर्तुळ. खात्रीसाठी त्याच स्पीकरला चार्जर न लावलेला फोन जोडा. आवाज गेला तर स्पीकर निर्दोष. ही परीक्षा पुढच्या जॅकवर मात्र घेऊ नका. त्याची वायर ग्राफिक्स कार्डाच्या अंगावरून जाते आणि वाटेत काय काय उचलते सांगता येत नाही.

हेडफोनमध्येही ऐकू येणाऱ्या किरकिरीला साधा यूएसबी डॅक पुरतो, म्हणजे पीसीतला डिजिटल आवाज कॅबिनेटच्या बाहेर स्पीकरच्या सिग्नलमध्ये बदलणारी डबी. आत बसणारं साउंड कार्डही चालेल, पण ते त्याच डब्यात, त्याच गोंगाटात राहणार, म्हणून मी सहसा सुचवत नाही.

खरा घोळ ग्राउंड लूपचा. पीसीला तीन पिनांचा प्लग, अ‍ॅम्प्लिफायर असलेल्या स्पीकरलाही तीन पिनांचा, आणि दोघांना जोडणारी ऑडिओ केबल. अर्थिंगचं वर्तुळ पूर्ण झालं. पीसीतले भटके प्रवाह केबलच्या शील्डमधून (सिग्नलच्या वायरीभोवतीच्या जाळीतून) वाहतात, शील्डच्या रोधामुळे तिथे बारीकसा व्होल्टेज तयार होतो आणि साधी, अनबॅलन्स्ड (एक सिग्नल वायर आणि शील्ड एवढ्यावरच चालणारी) इनपुट त्यालाच सिग्नल समजते. संथ घरघर आली तर ती ५० किंवा ६० हर्ट्झच्या मेन्सची. पान सरकवताना, खिडकी ओढताना ‘चिर्र्र’ आलं तर ती ग्राफिक्स कार्ड आणि प्रोसेसरच्या बदलत्या लोडची.

इथेच यूएसबी डॅक निराश करतो. डॅक महाग असो की स्वस्त, यूएसबी केबलमधून ५ व्होल्टबरोबर पीसीचा ग्राउंडही येतोच. म्हणजे डॅकच्या आत तो ग्राउंड तोडलेला नसेल तर वर्तुळ तसंच, फक्त एका डबीने लांबलं. संगीत चालू असताना कळत नाही. रात्री शांततेत पीडीएफ वाचताना प्रत्येक स्क्रोलला ती किडकिड पुन्हा हजर. नव्या डब्यानंतरही जुनी किरकिर ऐकावी लागणं मला सगळ्यात जास्त खटकतं. यूएसबी आयसोलेटर (विजेचा जोड तोडून फक्त डेटा पुढे देणारी डबी) लावून ती थांबवता येते, पण जुने स्वस्त आयसोलेटर १२ मेगाबिटच्या वेगातच चालतात. २४ बिट, ९६ किलोहर्ट्झच्या स्टिरिओला तेवढं पुरतं. डॅकला ४८० मेगाबिटचा हाय-स्पीड हवा असेल तर तो अडतो. विकत घेताना हा आकडा बघाच.

ऑप्टिकल म्हणजे पीसीतला आवाज उजेडाच्या रूपात डॅककडे नेणारी केबल. तिच्यात तांब्याचा धागाच नाही. प्लास्टिकच्या तंतूतून तांबडा उजेड जातो, विजेला जायला वाटच उरत नाही. एकच पथ्य: डॅकला स्वतःचा अ‍ॅडॅप्टर द्या. सोय म्हणून पीसीच्या यूएसबी पोर्टवरून पॉवर दिलीत की मागच्या दाराने तोच ग्राउंड आत येतो. केबलच्या टोकांवरची इवलीशी प्लास्टिकची टोपी काढायला विसरू नका, आणि वायर काटकोनात मुरडू नका.

ऑप्टिकलच्याही खोडी आहेत. माइक त्यातून जात नाही. बरेच डॅक नवा आवाज सुरू होताना सिग्नल पकडायला क्षणभर घेतात, त्यामुळे नोटिफिकेशनची ‘टिंग’ नुसती ‘इंग’ ऐकू येते. स्टिरिओ ९६ किलोहर्ट्झपर्यंत निर्धास्त, १९२ची हमी सगळीकडे मिळत नाही. पण ‘टिंग’ अर्धी ऐकू आलेली चालते, दिवसभराची किडकिड चालत नाही, असं आपलं माझं मत.

झटपट उपाय हवा असेल तर ३.५ मिमीचा ग्राउंड लूप आयसोलेटर आहेच. आत १:१चे दोन छोटे ट्रान्सफॉर्मर असतात. तो लाइन-आउट (तोच हिरवा जॅक) आणि स्पीकरच्या मध्ये लावायचा, हेडफोनला नाही. छोटा गाभा खालच्या सुरांत लवकर सॅच्युरेट होतो (चुंबकत्वाची मर्यादा गाठतो), म्हणून मोठ्या स्पीकरवर बास पोकळ वाटतो. टेबलावरच्या लहान जोडीवर फरक सहसा जाणवणार नाही. अर्थिंगची पिन कापायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका, ती जीव वाचवायला आहे.

स्पीकरला एक्सएलआर किंवा टीआरएस प्लगची बॅलन्स्ड इनपुट (दोन सिग्नल वायरींमधला फरकच घेणारी) असेल तर बॅलन्स्ड आउटपुट देणारा यूएसबी डॅक घ्या, बहुतेक वेळा काम भागतं. ती नसेल तर मी ऑप्टिकलच घेईन. मागच्या पॅनेलवर पोर्ट दिसत नसेल तर मदरबोर्डच्या मॅन्युअलमध्ये ‘एसपीडीआयएफ आउट’ (डिजिटल आवाज बाहेर देणारा) हेडर, म्हणजे बोर्डवरच्या पिनांचा संच शोधा. तो असला तर त्याला जोडायची ऑप्टिकल ब्रॅकेट वेगळी मिळते, फक्त पिनांची मांडणी आधी जुळवून पाहा.