प्रबंधासाठी नरक्याचे खोड घ्यावे की त्यातली बुरशी?

खानापूर-बेळगाव भागातील ज्या एम.एस्सी.च्या विद्यार्थ्याला कॅम्प्टोथेसिनवर प्रबंध करायचा आहे, त्याला हे द्रव्य थेट नरक्याच्या खोडातून काढता येते, किंवा झाडाला इजा न करता त्याच्या आत राहणाऱ्या अंतर्वासी बुरशीकडून ते मिळवण्याचा प्रयत्न करता येतो. कर्करोगावरील टोपोटेकन आणि इरिनोटेकन ही औषधे याच द्रव्यापासून तयार होतात.

खोडाचा मार्ग सरळ आहे. नरक्याला कन्नडमध्ये ‘दुर्वासने मर’ म्हणतात (दोन्ही भाषांनी वासाचीच तक्रार नोंदवली आहे). त्याच्या वाळलेल्या लाकडाचा मिथेनॉलमधील अर्क सिलिकाच्या पातळ थराच्या पट्टीवर (टीएलसी) पसरवून अतिनील दिव्याखाली धरला, की कॅम्प्टोथेसिनचा ठिपका निळा चमकतो. अडचण झाडाची आहे. व्यापारासाठी ते अनेक ठिकाणी मुळासकट तोडले गेले आहे, आणि भीमगड अभयारण्यातून नमुना आणायचा तर वनखात्याची परवानगी लागते.

बुरशीसाठी मात्र एक डहाळी पुरते. ती 70 टक्के अल्कोहोल आणि सोडियम हायपोक्लोराइटमध्ये बुडवून निर्जंतुक पाण्याने धुवावी, तिचे तुकडे पोषक माध्यमाच्या (पेट्री) बशीत ठेवावेत, आणि शेवटच्या धुण्याचे पाणीही वेगळ्या बशीत पसरावे. त्या बशीत काही उगवले, तर तुमची ‘आतली’ बुरशी बहुधा बाहेरचीच असते. माझ्या मते प्रबंधाची निम्मी विश्वासार्हता या एका बशीत असते.

नरक्यातील बुरशी कॅम्प्टोथेसिन तयार करते, हे 2005 मध्ये भारतीय संशोधकांनी दाखवले. परंतु चिनी कॅम्प्टोथेका वृक्षातून मिळालेल्या फ्युझेरियम बुरशीचे उत्पादन प्रयोगशाळेत पुढच्या पिढ्यांत झपाट्याने घटले. द्रव्य घडवण्याच्या साखळीतील एक विकर (एन्झाइम) तिच्याकडे नव्हते आणि त्यासाठी ती झाडावर अवलंबून होती. टॅक्सॉल या कर्करोगावरील औषधाचा अनुभवही असाच आहे. 1993 मध्ये यू वृक्षातील बुरशीने ते दिले खरे, पण लिटरमागे काही नॅनोग्रॅम एवढेच.

म्हणून वर्षभरात प्रबंध संपवायचा असेल आणि कॅम्प्टोथेसिनच मोजायचे असेल, तर परवानगी घेऊन खोड निवडावे. बुरशीच हवी असेल, तर तिच्याकडून झाडाच्या द्रव्याची अपेक्षा न ठेवता तिच्या स्वतःच्या द्रव्यांची जंतुनाशक चाचणी करावी; काँगोतील एका वनस्पतीच्या बुरशीतून 1999 मध्ये असेच इन्सुलिनसारखे काम करणारे संयुग मिळाले होते.