एव्हा-ड्राय ई-३३३: बंदुकीच्या कपाटासाठी घ्यावा का?

हवेतली ओल शोषणारे सिलिका जेलचे दाणे भरलेला प्लास्टिकचा डबा, बस एवढंच. कपाटात असताना वायर नाही, पंखा नाही, आवाज नाही. दाण्यांचा रंग बदलला की डबा बाहेर काढून १० ते १२ तास भिंतीच्या प्लगला लावायचा, निवू द्यायचा आणि परत आत ठेवायचा. कोकणात शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर बारा बोअरची बंदूक बाळगणाऱ्यांना तो पावसाळ्यात कितपत उपयोगी पडेल?

३३३ घनफूट जागेला पुरतो, हा कंपनीचा दावा बाजूला ठेवा. सहा फूट उंच, तीन फूट रुंद, दीड फूट खोल कपाट म्हणजे २७ घनफूट. ३० अंश तापमान आणि ९० टक्के आर्द्रता असताना एवढ्या हवेत वीसेक ग्रॅम पाणी असतं. ते ५० टक्क्यांवर आणायला नऊ-दहा ग्रॅम शोषले की झालं, आणि डब्याची क्षमता साधारण १७० ग्रॅम. हिशेबाने चैनच म्हणायची! पण दाणे पहिल्या खेपेला लवकर संपतात, कारण खरं पाणी हवेत नसून लाकडी दस्त्यात, आतल्या गालिच्यात आणि पुठ्ठ्याच्या खोक्यांत मुरलेलं असतं. आगरोधक तिजोरी असेल तर जिप्समचं अस्तरही त्यात भर घालतं. शिवाय १७० ग्रॅम हा भरपूर दमट हवेतला आकडा. हवा कोरडी होत गेली की जेल त्याहून बरंच कमी पाणी धरतं. सुरुवातीला दोन डबे आलटूनपालटून वापरा. डबा सुकवायचा तो दुसऱ्या खोलीत, नाहीतर सुटलेली वाफ पुन्हा कपाटातच शिरेल.

दार नीट बसत नसेल तर मात्र पैसे वाया. कागदाची पट्टी दारात धरून दार लावा आणि ओढा. सहज निघाली तर तिथून हवा शिरतेय. चौकटीला चिकटणारी रबरी पट्टी लावा, मागची-खालची बोल्टची भोकं बुजवा. कपाट चिऱ्याच्या बाहेरच्या भिंतीला टेकवू नका, खाली लाकडी ठोकळे द्या.

दाण्यांचा रंग दाण्यांचीच हालत सांगतो, कपाटाची नाही. डिजिटल आर्द्रतामापक आत हवाच, आणि तो आधी तपासून घ्यावा. बाटलीच्या बुचात मीठ घेऊन थेंबाथेंबाने पाणी घाला. मीठ ओलसर व्हावं, विरघळू नये. बूच आणि मापक एका झिपच्या पिशवीत १२ तास बंद ठेवा. आकडा ७५ यायला हवा. ८० आला तर पुढे प्रत्येक वेळी ५ वजा करा. कपाटात ४५ ते ५० राखा. ६० च्या वर गंज वेग घेतो, ४० च्या बराच खाली लाकूड आकसतं.

डब्याऐवजी विजेवर तापणारी कांडी मोठ्या तिजोरीला जास्त चांगली: तळाशी आडवी बसवली की आतली हवा किंचित गरम होऊन फिरत राहते, सुकवण्याची कटकट नाही. पण जुलैत वीज गेली की तिचं काम थांबतं. गावात एक-दोन बंदुकांसाठी डबाच बरा. घेताना २२०-२४० व्होल्टचाच घ्या. अमेरिकेतल्या ११० व्होल्टच्या प्रती इथल्या प्लगला लावण्याजोग्या नसतात. कपड्यांच्या कपाटात ठेवतात ती कॅल्शियम क्लोराइडची डबी स्वस्त मिळते म्हणून आणू नका. तिच्यात साचतं ते खारट पाणी, सांडलं तर नळीच खाईल.

आर्द्रता आटोक्यात आली तरी घामाच्या बोटांचे ठसे गंजतातच. बंदूक रिकामी असल्याची खात्री करून नळी आतून-बाहेरून पुसा, गन ऑइलचा पातळ हात द्या आणि मग उघड्या हाताने धातूला शिवू नका. खोबरेल तेल चिकट होतं, ते नको. फोमच्या किंवा चामड्याच्या पिशवीत घालून कपाटात ठेवणं तर सगळ्यात वाईट, ओल तिथेच धरून राहते. नळीच्या तोंडात चिंधी कोंबण्याची सवयही सोडा: ओल आत अडकते, आणि काढायला विसरलं तर बार करताना नळी फुटू शकते.

ठासणीच्या बंदुकीला हा डबा वाचवू शकत नाही, जर काळ्या दारूची राख आत राहिली असेल. ती राख स्वतःच ओल ओढते. आधी गरम पाण्याने नळी धुवा, पूर्ण कोरडी करा, तेल लावा, मगच कपाटात ठेवा.