जिरेनियमचं फूल दिसलं एकदाचं!

लियोंला आल्यापासून जुन्या फ्रेंच सिनेमांच्या ब्लू-रे जमवायचं खूळ लागलंय. त्यातली लाडकी म्हणजे ज्याँ रेन्वारच्या 'ला ग्रांद इल्यूझियाँ'ची (१९३७) स्तुदिओकानालने २०१२ साली काढलेली डिस्क. या सिनेमाची मूळ निगेटिव्ह दुसऱ्या महायुद्धात जर्मनांनी बर्लिनला नेली. तिथून ती मॉस्कोला, मग तुलूझच्या सिनेमाटेकमध्ये, म्हणजे फिल्म-संग्रहालयात. तिथे कित्येक वर्षं कुणाला पत्ताच नव्हता की हीच ती! त्याच निगेटिव्हवरून काम झालंय आणि ते दिसतं.

सिनेमातला जर्मन अधिकारी फॉन रॉफेनस्टाइन किल्ल्यातलं एकुलतं एक जिरेनियमचं फूल कात्रीने कापतो ना, माझ्या जुन्या डीव्हीडीत तो नुसता पांढुरका डाग होता. इथे पाकळ्या दिसतात, हातमोज्याच्या सुरकुत्या दिसतात. ग्रेनही, म्हणजे फिल्मचा मूळ दाणेदारपणा, ठेवलाय, घासून चेहरे मेणाचे केलेले नाहीत. आवाज मात्र जरा किरटा.

ऑनलाइन विक्रेत्याने पाठवलेली डबी तडकलेली निघाली. 'डिस्क चालते ना?' म्हणे. चालते बाबा, पण शेल्फवर ठेवायची डबीच असते! आणि हो, सिनेमातला नट ज्याँ गाबँ भराभर बोलायला लागला की माझं फ्रेंच लंगडं पडतं, मग गुपचूप सबटायटल्स लावतो.