फूट ड्रॉप: पट्टा, नसेची शस्त्रक्रिया की टेंडन ट्रान्सफर?

चालताना चप्पल पायातून निसटते, पायरीला अंगठा अडखळतो, पाऊल जमिनीवर थपकन आपटतं. पावलाचा पुढचा भाग वर उचलला जात नाही, म्हणजेच फूट ड्रॉप. अशा रुग्णाला कोणी पाऊल वर धरणारा पट्टा लावून वाट पाहायला सांगतो, कोणी नसेची शस्त्रक्रिया सुचवतो, तर कोणी टेंडन ट्रान्सफर, म्हणजे शाबूत स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी दुसऱ्या जागी बसवणं. तिन्ही सल्ले बरोबर असू शकतात. प्रश्न असतो तो नस कुठे दुखावली आहे आणि दुखापतीला किती महिने झाले याचा.

आधी जागा. गुडघ्याच्या बाहेरच्या अंगाला, किंचित खाली, हाडाचं एक टोक हाताला लागतं. त्या टोकाखालच्या अरुंद भागाला वळसा घालून पेरोनियल नस अगदी कातडीखालून जाते. घट्ट बसलेलं प्लास्टर, तासन्‌तास उकिडवं बसून केलेलं काम, पायावर पाय टाकून बसायची सवय, झपाट्याने उतरलेलं वजन, गुडघा निखळणं, यापैकी कशानेही ती दबते किंवा ताणली जाते. दुसरी शक्यता कमरेची: एल-फाइव्ह ही मज्जामुळी, म्हणजे कमरेच्या मणक्यातून निघणाऱ्या नसेचं मूळ, दबली तरी पाऊल असंच लोंबतं. फरक पाहायचा तर पाऊल आतल्या बाजूला वळवायला सांगतात. पेरोनियल नस गेली असेल तर ही ताकद शाबूत असते; कमरेतून आलेल्या दुखण्यात तीही कमी होते, आणि बऱ्याचदा मांडी बाजूला उचलण्याची शक्तीसुद्धा. ही तपासणी वगळून थेट कमरेचा एमआरआय काढू नये असं माझं ठाम मत आहे. चाळिशीनंतर बहुतेकांच्या मणक्यांमधल्या चकतीत काही ना काही सापडतंच, आणि मग दोष गुडघ्यापाशी असताना उपचार कमरेवर होतात.

आता वेळ. १९४३ मध्ये ब्रिटिश शल्यचिकित्सक हर्बर्ट सेडन यांनी नसेच्या दुखापतीच्या तीन पायऱ्या मांडल्या. पहिलीत नस फक्त सुन्न पडते आणि काही आठवड्यांत, फार तर दोन-तीन महिन्यांत पूर्ववत होते. दुसरीत आतले तंतू तुटतात पण वेष्टण टिकतं. तंतू रोज साधारण १ मिलिमीटर वाढतात. तिसरीत नसच तुटते. ईएमजी-एनसीव्ही, म्हणजे स्नायू आणि नसांच्या विद्युत तपासणीतून, पायरीचा अंदाज येतो, पण दुखापतीनंतर पहिल्या काही दिवसांतच केलेली तपासणी फसवू शकते. साधारण तीन आठवड्यांनंतरची विश्वासाची.

काचेने किंवा कोयत्याने कापून लगेच पाऊल लोंबलं असेल, तर वाट पाहण्याचा पर्यायच नाही. नस काही दिवसांत जोडून घ्यायची. बंद दुखापतीत मात्र पट्टा आणि व्यायामावर तीन महिने थांबणं योग्य. हा आकडा कुठून आला? गुडघ्यापासून पाऊल उचलणाऱ्या स्नायूपर्यंत नसेला काही सेंटिमीटरच जायचं असतं, त्यामुळे एवढ्या काळात सुधारणेची चाहूल लागायला हवी. नाही लागली तर ईएमजी पुन्हा करून नस उघडून पाहण्याचा विचार करतात. नुसतीच दबलेली नस मोकळी केल्याचा निकाल चांगला येतो. मधला तुकडा खराब असेल तर पोटरीच्या सुरल नसेचं कलम लावतात. कलम ६ सेंटिमीटरच्या आत असेल तर आशा बरी, १२ च्या पुढे फारच कमी. आणि बारा-अठरा महिने नसेविना राहिलेला स्नायू नस पोचली तरी फारसा जागा होत नाही. म्हणून ‘बघू पुढच्या वर्षी’ हा निर्णय सर्वांत महाग पडतो. दरम्यान बी-१२ची इंजेक्शनं सर्रास दिली जातात. कमतरता असेल तर ती हवीतच, पण दबलेली नस त्यांनी मोकळी होत नाही.

टेंडन ट्रान्सफरचं गणित वेगळं आहे. पाऊल आत वळवणाऱ्या शाबूत स्नायूचं टेंडन पावलाच्या वरच्या बाजूला आणून बसवतात. सुमारे सहा आठवडे प्लास्टर, मग त्या स्नायूला नवं काम शिकवणारी फिजिओथेरपी. इथे नस वाढायची वाट पाहावी लागत नाही, त्यामुळे दोन वर्षांनी आलेल्या रुग्णालाही ती करता येते. घोटा मात्र आखडलेला नको. एल-फाइव्हच्या रुग्णाचा हाच स्नायू दुबळा असेल तर हा मार्ग त्याला सहसा बंद.

आपल्याकडे एक कारण विसरून चालत नाही: कुष्ठरोग. गुडघ्याजवळची नस जाड लागत असेल, कुठे सुन्न चट्टा असेल, तर ती शक्यता तपासायलाच हवी. औषधं सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात, आणि नसेचा अशक्तपणा सहा महिन्यांच्या आतला असेल तर स्टिरॉइडने तो परत फिरण्याची संधी असते. टेंडनची शस्त्रक्रिया त्यानंतर, रोग आटोक्यात आल्यावर.

पट्टा, म्हणजे एएफओ, स्वस्त आहे, लगेच मिळतो, काढून ठेवता येतो. पण तो बुटात बसतो, चप्पलेत नाही. ऑफिसात बूट घालणाऱ्याला तो वर्षानुवर्षं पुरतो. घरात अनवाणी वावरणाऱ्या किंवा भातखाचरात उतरणाऱ्या माणसाला तो दिवसातला बराच वेळ काढूनच ठेवावा लागतो. मधुमेह किंवा सुन्नपणा असेल तर पट्ट्याखाली रोज कातडी पाहायची, कारण घासून झालेली जखम दुखत नाही. अनवाणी किंवा खाचरात वावरणाऱ्या माणसाची नस वर्षभरात परतली नसेल तर मी पट्ट्याऐवजी टेंडनच्या शस्त्रक्रियेकडे झुकेन.

पाय मोडल्यावर किंवा प्लास्टरनंतर पोटरी दगडासारखी घट्ट झाली, दुखणं गोळ्यांना दाद देत नसेल, किंवा कंबरदुखीसोबत लघवी अडली, तर ही तुलना बाजूला ठेवून त्याच तासाला रुग्णालय गाठायचं.